चर्चिल १९४० मध्ये आला कसा आणि १९४५ मध्ये गेला कसा?

ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: चर्चिलच्या तारखा पाठ आहेत, भाषणांतली वाक्येही पाठ आहेत, पण निवडणूक झालेली नसताना तो १९४० मध्ये पंतप्रधान कसा झाला, जर्मनी शरण आल्यावर अडीच महिन्यांत मतदारांनी त्याला घरी का बसवले आणि बंगालच्या दुष्काळाचा दोष त्याच्याकडे नेमका किती जातो, हे उत्तरात मांडता येत नाही.

अडचण बहुतेक वेळा एकाच जागी असते. आपण चर्चिलची भाषणे वाचतो. सभागृहातला बहुमताचा आकडा आणि युद्ध मंत्रिमंडळात कोण बसले होते, हे वाचत नाही. आधी एक सूत्र मनात पक्के करा: चर्चिल खुर्चीवर आला तो मजूर पक्षाच्या होकारामुळे, आणि त्याच मजूर पक्षाने पाच वर्षे देशातला कारभार चालवून दाखवल्यावर तो खुर्चीवरून उतरला. तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच सूत्रात आहेत.

१९४० पूर्वीचा चर्चिल समजून घ्यायला एका कागदावर तीन रकाने पाडा: वर्ष, पद आणि त्या वेळी तो कोणत्या पक्षात होता. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जन्म ३० नोव्हेंबर १८७४, ब्लेनहाइम राजवाड्यात. वडील लॉर्ड रँडॉल्फ हे काही काळ भारतमंत्री आणि मग अर्थमंत्री, आई अमेरिकन. सँडहर्स्ट या लष्करी अकादमीची प्रवेश परीक्षा तो तिसऱ्या प्रयत्नात पास झाला. १९०० मध्ये ओल्डहॅममधून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार. १९०४ मध्ये मुक्त व्यापाराच्या मुद्द्यावर पक्ष सोडून लिबरल बाकांवर. १९०८ मध्ये व्यापार खात्याचा मंत्री, १९१० मध्ये गृहमंत्री, १९११ मध्ये नौदलमंत्री. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवरची मोहीम फसली आणि युतीचे सरकार बनवताना कॉन्झर्व्हेटिव्हांनी त्याला नौदल खात्यातून हलवण्याची अट घातली. नोव्हेंबरमध्ये राजीनामा, मग काही महिने पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत एका पलटणीचा प्रमुख, १९१७ मध्ये युद्धसामग्री मंत्री म्हणून परत. १९२२ मध्ये डंडीत पराभव. १९२४ मध्ये पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे आणि थेट अर्थमंत्री. १९२५ मध्ये पौंड युद्धापूर्वीच्या दराने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर, सुवर्णमानकावर, म्हणजे सोन्याशी बांधलेल्या चलनपद्धतीवर, परत नेला; निर्यात महागली आणि कोळसा खाणींपासून सगळीकडे मजुरी कापण्याचा दबाव आला.

हा कागद भरला की एक गोष्ट आपोआप दिसते. दोनदा पक्ष बदललेला, दार्दानेल्सचा डाग असलेला हा माणूस १९३९ मध्ये स्वतःच्याच पक्षाला विश्वासू वाटत नव्हता. त्यात भर भारताची. जानेवारी १९३१ मध्ये भारताला स्वशासन देण्याच्या धोरणाविरुद्ध तो पक्षाच्या नेतृत्वातून बाहेर पडला, पुढच्याच महिन्यात गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणाला आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्याविरुद्ध चार वर्षे लढला. आपल्या पुस्तकांत त्याचे ‘रानातले दिवस’, म्हणजे सत्तेबाहेर काढलेली वर्षे, हिटलरच्या धोक्याशी जोडलेले असतात. पण एकटे पडण्याची सुरुवात भारतावरून झाली, हे उत्तरात आले पाहिजे. त्या लढ्यात त्याने इतके लोक दुखावले होते की नंतर जर्मनीबद्दलचे खरे इशारेही संसदेने मनावर घेतले नाहीत.

मुंबईशी त्याचा संबंध थोडासाच, पण लक्षात राहणारा आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये हुस्सार या घोडदळ पलटणीबरोबर तो ससून डॉकला उतरला तेव्हा होडीतून धक्क्यावरची लोखंडी कडी पकडताना त्याचा उजवा खांदा निखळला. ते दुखणे आयुष्यभर राहिले. दोन वर्षांनी सुदानमधल्या ओमडुर्मनच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात तलवारीऐवजी पिस्तूल वापरावे लागले ते यामुळेच. मुंबईहून पलटण आधी पुण्याच्या छावणीत आणि मग बंगळूरला गेली.

आता मे १९४०. इथे घाई करू नका. दिवस मोजून वाचा.

युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, ३ सप्टेंबर १९३९ ला, पंतप्रधान चेंबरलेनने चर्चिलला पुन्हा नौदलमंत्री केले होते. एप्रिल १९४० ची नॉर्वेची मोहीम फसली, आणि त्या अपयशात नौदलाचा, म्हणजे चर्चिलचाही वाटा मोठा होता. ७ आणि ८ मे रोजी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या लोकनियुक्त सभागृहात, चर्चा झाली. तांत्रिकदृष्ट्या तो सभागृह तहकूब करण्याचा साधा प्रस्ताव होता. मजूर पक्षाने त्यावर मतविभागणी मागितली आणि तो विश्वासदर्शक ठराव होऊन बसला. सरकारच्या बाजूने शेवटचे भाषण चर्चिलनेच केले. निकाल २८१ विरुद्ध २००. सरकार जिंकले! पण एरवी दोनशेच्या वर असणारे मताधिक्य ८१ वर आले. सरकारी बाजूच्या ४१ जणांनी विरोधात मत दिले आणि बऱ्याच जणांनी मतदानच टाळले. ‘चेंबरलेन मतदानात हरला’ असे लिहिले की उत्तर तिथेच चुकते.

९ मेच्या दुपारी चेंबरलेन, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स, चर्चिल आणि पक्षाचा मुख्य प्रतोद मार्गेसन बसले. राजाची पसंती हॅलिफॅक्सला होती, पक्षातल्या बहुतेकांचीही. हॅलिफॅक्सने अडचण सांगितली की आपण उमराव सभेचे सदस्य, कॉमन्समध्ये बसू शकत नाही. आपल्याकडे राज्यसभेचा सदस्य पंतप्रधान होतो आणि लोकसभेत बोलूही शकतो. तिथे तशी सोय नव्हती. तरीही ही एकच अडचण असती तर कायद्याने वाट काढता आली असती. हॅलिफॅक्सला स्वतःलाच ते पद नको होते. युद्ध चर्चिल चालवणार आणि आपण नावापुरते राहणार, हे त्याला दिसत होते. चर्चिलने नंतर लिहिलेल्या आठवणींत ही बैठक १० मेच्या सकाळी झाल्याचे म्हटले आहे, तर हॅलिफॅक्सच्या रोजनिशीत ती ९ तारखेची आहे. रोजनिशी त्याच दिवशी लिहिलेली असते, म्हणून अशा ठिकाणी तिला धरावे.

त्याच संध्याकाळी मजूर पक्षाचे ॲटली आणि ग्रीनवुड यांना विचारले गेले: तुमचा पक्ष चेंबरलेनच्या हाताखाली येईल का? नाही तर दुसऱ्या कुणाच्या? पक्षाची मंडळी बोर्नमथला परिषदेसाठी जमली होती. १० मेच्या पहाटे जर्मनीने हॉलंड-बेल्जियमवर हल्ला केला, तेव्हा चेंबरलेनला वाटले की आता आपण राहायला हवे. संध्याकाळी पाचच्या सुमारास बोर्नमथहून फोन आला: युतीत येऊ, चेंबरलेनच्या हाताखाली मात्र नाही. तासाभरात चर्चिल राजवाड्यावर होता. जनतेने कुठेही मत दिले नव्हते. सभागृह १९३५ मध्ये निवडलेले होते आणि त्यात कॉन्झर्व्हेटिव्हांचे प्रचंड बहुमत होते. मजूर पक्षाला फक्त नकाराधिकार मिळाला आणि त्यांनी तो वापरला.

आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. पंतप्रधान झाला तरी चर्चिल पक्षाचा नेता नव्हता. ते पद चेंबरलेनकडेच होते आणि चर्चिलकडे ते ९ ऑक्टोबर १९४० ला आले. १३ मे रोजी ‘रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम’ हे भाषण झाले, त्या दिवशी कॉन्झर्व्हेटिव्ह बाकांनी चेंबरलेनचे स्वागत चर्चिलपेक्षा जोरात केले होते.

म्हणूनच २६ ते २८ मेच्या बैठका माझ्या मते त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतल्या सगळ्यात निर्णायक आहेत. युद्ध मंत्रिमंडळात पाच माणसे: चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स, ॲटली, ग्रीनवुड. फ्रान्स कोसळत होता, सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकले होते. मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी काय मिळतात ते पाहावे, असे हॅलिफॅक्सचे म्हणणे. ॲटली आणि ग्रीनवुड चर्चिलच्या बाजूने. उरला चेंबरलेन. तो आणि हॅलिफॅक्स एकत्र बाहेर पडले असते तर सरकार टिकले नसते, कारण सभागृहातली संख्या त्यांच्यामागे होती. चर्चिलने मतदान घेतले नाही. २८ तारखेला संध्याकाळी बैठक मध्येच थांबवली, युद्ध मंत्रिमंडळाबाहेरच्या सुमारे पंचवीस मंत्र्यांना बोलावले, लढण्याचा निर्धार सांगितला, त्यांचा जोरदार पाठिंबा मिळवला आणि सात वाजता परत येऊन तो पाठिंबा पाचजणांसमोर ठेवला. चेंबरलेन चर्चिलकडे झुकला आणि विषय संपला. डंकर्कहून ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक सुटले. पण २८ मेच्या संध्याकाळी इतके सुटतील हे कुणालाच माहीत नव्हते. ‘डंकर्क यशस्वी झाले म्हणून लढायचे ठरले’ हा क्रम उलटा आहे.

मग त्याने कारभाराची घडी कशी बसवली? संरक्षणमंत्री हे पद त्याने स्वतःकडे घेतले, पण मंत्रालय काढले नाही आणि अधिकारही कुठे लिहून ठेवले नाहीत. तिन्ही सेनाखात्यांचे मंत्री युद्ध मंत्रिमंडळाबाहेर ठेवले: लष्कराला कॉन्झर्व्हेटिव्ह ईडन, नौदलाला मजूर पक्षाचा अलेक्झांडर, हवाईदलाला लिबरल सिंक्लेअर. तिन्ही पक्ष खूश, आणि सेनाप्रमुख थेट चर्चिलसमोर. दुवा म्हणून जनरल इस्मे. जुलै १९४० मध्ये त्याने नियम घातला की आपल्या सूचना लेखी असतील किंवा लगेच लेखी पक्क्या केल्या जातील, तरच त्या धरायच्या. तातडीच्या कागदावर ‘आजच कार्यवाही’ अशी लाल चिठ्ठी. दार्दानेल्सच्या वेळी अधिकार नसताना जबाबदारी अंगावर आली होती. ही सगळी रचना त्यावरचा इलाज होता. तिची कमजोर बाजूही तीच: रात्री उशिरापर्यंतच्या बैठका, एकाच माणसाच्या कल्पनांचा भडिमार, आणि सेनाप्रमुखांची निम्मी शक्ती त्याला नॉर्वे किंवा सुमात्रावरच्या स्वाऱ्यांपासून परावृत्त करण्यात जाई. मात्र तिघा प्रमुखांनी एकमुखाने नाही म्हटले की तो शेवटी माघार घेत असे. हिटलरच्या युद्धसंचालनाशी तुलना करायची असेल तर हाच मुद्दा घ्या.

१९४२ हे त्याचे सगळ्यात वाईट वर्ष. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, २१ जूनला लिबियातले तोब्रुक. जानेवारीत विश्वासठराव ४६४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला, जुलैत निंदाठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला. आकडे भक्कम दिसतात, कारण युतीमुळे विरोधी पक्षच उरला नव्हता. पक्षांनी पोटनिवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे न राहण्याचा करार केलेला असताना, अपक्ष आणि नवे छोटे पक्ष मात्र सरकारी उमेदवारांना पाडू लागले होते. १९४५ ची खरी चाहूल तिथे होती.

बंगालच्या दुष्काळावर लिहिताना दोन टोके टाळा: ‘चर्चिलने दुष्काळ घडवला’ हे एक आणि ‘युद्ध होते, जहाजे नव्हती’ हे दुसरे. तीन पायऱ्या वेगळ्या करा.

पहिली पायरी, टंचाई कशी आली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी बंगालमधला तांदूळ आणि हजारो नावा सरकारने काढून घेतल्या. मासेमारी आणि वाहतूक दोन्ही बसल्या. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूरचे पीक नेले. प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ देण्यावर बंदी घातली.

दुसरी पायरी, भाव का भडकले. ब्रिटनच्या वतीने भारतात जो युद्धखर्च होत होता त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत आणि त्या आधारावर इथे रुपये छापले जात. चलन कित्येक पटींनी फुगले. ज्याच्याकडे शेत नाही, पगार नाही, त्याला तांदूळ परवडेना.

तिसरी पायरी, मदत का आली नाही. इथे चर्चिल थेट येतो. १९४३ च्या उन्हाळ्यात भारतातून पाच लाख टन गव्हाची मागणी गेली. ४ ऑगस्टच्या बैठकीत युद्ध मंत्रिमंडळाने इराकमधली सुमारे एक लाख टन बार्ली आणि सिलोनच्या दिशेने थोडा गहू, एवढेच देऊ केले. हिंदी महासागरातली जहाजे त्याच वर्षी अटलांटिकच्या बाजूला वळवली होती आणि ब्रिटनमधले साठे व भूमध्य प्रदेशातल्या मोहिमा यांना आधीचा क्रम होता. भारतमंत्री अ‍ॅमरी आणि ऑक्टोबरमध्ये आलेला व्हाइसरॉय वेव्हेल पुन्हा पुन्हा मागत राहिले. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टकडे ऑस्ट्रेलियन गव्हासाठी जहाजे मागितली; रूझवेल्टने नकार दिला. हे पत्र खरे आहे आणि ते उत्तरात आले पाहिजे, पण त्याची तारीखही आली पाहिजे: तोपर्यंत बहुतेक माणसे मेलेली होती. अधिकृत चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख धरला. नंतरचे बरेच अभ्यासक ३० लाखांच्या आसपास जातात. मुंबईत १९४३ मध्येच रेशनिंग सुरू झाले, कलकत्त्यात ते १९४४ च्या जानेवारीअखेर. तेव्हा प्रांतिक सरकारचाही दोष मोठा आहे. मात्र जहाजांचा क्रम लंडनमध्ये ठरत होता, आणि त्या टेबलावर भारतीय जीव शेवटी मोजले गेले. अ‍ॅमरीच्या रोजनिशीत भारतीयांबद्दलचे चर्चिलचे उद्गार आहेत. त्याच्याच मंत्र्याने, त्याच्याच पक्षातल्या माणसाने ते लिहून ठेवले आहेत.

दुसऱ्या पायरीतल्या त्या पौंडांची थकबाकी युद्ध संपताना सुमारे १३० कोटी पौंड झाली. जो भारत ब्रिटनचा ऋणको होता तो धनको झाला. चर्चिलला हे असह्य होते. भारताचे रक्षण केल्याचे उलट बिल लावावे असे तो मंत्रिमंडळात मांडत राहिला. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने या शिलकीचा प्रश्न उघडपणे मांडला, आणि त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. ठाणे महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने आहे. तिथे शिकणाऱ्यांनी तरी हा धागा सोडू नये.

आता १९४५. चर्चिल युद्धात गुंतलेला असताना देशातला कारभार कोण पाहत होते? कामगार खाते बेव्हिनकडे, गृहखाते मॉरिसनकडे, आणि फेब्रुवारी १९४२ पासून ॲटली अधिकृत उपपंतप्रधान. रेशन, कारखान्यांतली भरती, बॉम्बहल्ल्यांतला बचाव, लोकांचा रोजचा संबंध याच माणसांशी येत होता. ‘मजूर पक्षाला राज्य करता येत नाही’ हा जुना प्रचार या पाच वर्षांत आपोआप निकालात निघाला. डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिजचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल आला. मजूर पक्षाने तो उचलला, चर्चिलने खर्चाचे कारण सांगून युद्धानंतरवर ढकलला. बेकारीच्या १९३० च्या दशकाची आठवण लोकांना होती आणि ते दशक कॉन्झर्व्हेटिव्हांच्या नावावर होते. १९३५ नंतर निवडणूकच झाली नव्हती, म्हणून तिशीच्या आतल्या मतदारांचे हे पहिलेच सार्वत्रिक मतदान. त्यात ४ जूनच्या प्रचारभाषणात चर्चिलने म्हटले की समाजवादी सरकारला गेस्टापोसारखे (नाझींच्या गुप्त पोलिसांसारखे) काहीतरी लागेल. ज्या ॲटलीला त्यानेच उपपंतप्रधान केले होते त्याच्याबद्दल हे कुणाला पटणार? तरी या एका वाक्यामुळे निवडणूक गेली असे लिहू नका. जनमत चाचण्यांत मजूर पक्ष १९४३ पासूनच पुढे होता.

मतदान ५ जुलैला, मोजणी २६ जुलैला, कारण परदेशातल्या सैनिकांची मते यायची होती. ६४० पैकी मजूर पक्ष ३९३, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि मित्रपक्ष २१३. मतांत मात्र सुमारे ४८ टक्के विरुद्ध ४० टक्के. ज्याला जास्त मते तो विजयी, या पद्धतीने जागांतले अंतर फुगवले. जपान अजून लढत होता, म्हणून ‘महायुद्ध संपल्यावरची निवडणूक’ हेही अचूक नाही. चर्चिल व्यक्ती म्हणून लोकप्रियच होता. त्याच्याविरुद्ध मजूर आणि लिबरल पक्षांनी उमेदवारच दिला नाही. तरीही एका अनोळखी अपक्षाला दहा हजारांवर मते पडली.

उत्तर २५० शब्दांचे असेल तर १९४० पूर्वीच्या आयुष्याला ४० शब्द पुरेत, मे १९४० ला ८०, कारभाराच्या रचनेला ३०, भारताला ५० आणि १९४५ ला ५०. उत्तर याहून मोठे असेल तर उरलेले शब्द पुढच्या वीस वर्षांना: मार्च १९४६ चे फुल्टनचे ‘पोलादी पडदा’ भाषण, ऑक्टोबर १९५१ मध्ये ३२१ विरुद्ध २९५ जागांनी पुनरागमन, जून १९५३ चा पक्षाघात जो लोकांपासून लपवला गेला, त्याच वर्षीचे साहित्याचे नोबेल, एप्रिल १९५५ मध्ये राजीनामा आणि २४ जानेवारी १९६५ ला मृत्यू. आणि १९५१ बद्दल लिहिताना हे विसरू नका की त्या निवडणुकीतही एकूण मते मजूर पक्षालाच जास्त होती.